यमुनेचे खादर : महानगराच्या काठावरील गवताळ प्रदेश

शरद ऋतूच्या आरंभी दिल्लीत यमुनेवरील कोणत्याही पुलावरून पूर्वेकडे जाताना नदीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या तुऱ्यांचे गवत वाऱ्याने लवताना दिसते. पुलाच्या एका टोकाला कचेऱ्या, क्रीडागारे व स्मारके आहेत, दुसऱ्या टोकाला दाट वस्तीची उपनगरे आहेत. आणि या दोहोंच्या मध्ये गवत, चिखल, वाळू व भाजीपाल्याचे मळे यांनी भरलेली, साधारणतः दीड ते तीन किलोमीटर रुंदीची जमीन आहे. मेट्रो रेल्वेचे ‘यमुना बँक’ नावाचे स्थानक याच जमिनीवर उभे आहे. रोज लक्षावधी माणसे ती ओलांडतात. त्यांतील बहुतेकांना ही जमीन रिकामी, म्हणजे अद्याप जिच्यावर काही बांधले गेलेले नाही अशी, वाटत असते. वस्तुतः महानगरातील इतर कोणत्याही जमिनीपेक्षा तिची घडण अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती घडण दरवर्षी नव्याने होते.

उत्तर भारतातील शेतकरी नदीकाठच्या भूमीचे दोन भाग मानतो. जुन्या गाळाची, उंचावरची, चुनखडीचे खडे मिसळलेली व पुराचे पाणी सहसा न पोचणारी जमीन ती ‘बांगर’. नव्या गाळाची, सखल व पुराखाली जाणारी ती ‘खादर’. हा भेद इतका अचूक आहे की भूशास्त्रज्ञांनीही हे दोन्ही शब्द जसेच्या तसे स्वीकारले. दिल्ली शहर बांगर जमिनीवर आणि अरवलीच्या अखेरच्या खडकाळ सोंडेवर वसलेले आहे. खादर मात्र नदीचे आहे. नदी जितकी भूमी पुराच्या वेळी व्यापते तितकी सर्व नदीच होय, केवळ वर्षातील नऊ महिने ती तेथे नसते, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल.

यमुनोत्रीपासून प्रयागपर्यंत यमुनेची लांबी सुमारे १,३७६ किलोमीटर आहे. तिच्या वार्षिक प्रवाहापैकी सुमारे चार-पंचमांश पाणी जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत वाहते. डोंगरातून उतरलेले हे पाणी गढूळ असते आणि त्यातील गाळ नदी एका ठराविक रीतीने वाटून देते. प्रवाह जेथे जोराचा असतो तेथे केवळ जाड वाळू स्थिरावते. पाणी काठ ओलांडून पसरू लागले की त्याचा वेग मंदावतो आणि बारीक वाळू खाली बसते. त्याही पलीकडे, जेथे पाणी जवळजवळ उभे राहते, तेथे चिकणमाती साठते. पूर ओसरल्यावर जमीन सपाट दिसली तरी ती तशी नसते. कोठे वाळूचे उंचवटे, कोठे चिखलाच्या बशीसारखे खोलगट भाग, कोठे जुन्या प्रवाहाची अर्धचंद्राकृती तळी. हातभर उंचीच्या फरकाने एखादी जागा दहा दिवस पाण्याखाली राहील की दोन महिने, हे ठरते. आणि तेथे काय उगवेल व कोण राहील हेही त्यावरूनच ठरते.

पूर ओसरल्यावर उघडी पडलेली ताजी वाळू हे या भूमीचे सर्वांत तरुण रूप. तिच्यात पोषक द्रव्ये फारशी नसतात, दिवसा ती भाजून निघते, वाऱ्याने उडते. अशा जागी प्रथम येते ते कांस, संस्कृतातील काश. त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव सॅक्करम स्पॉन्टेनियम. शरदाच्या वर्णनात संस्कृत कवींनी ज्या काशपुष्पांना अढळ स्थान दिले ती हीच. परंतु कवींना प्रिय असलेला तो तुरा म्हणजे एक कुशल यंत्रणा आहे. प्रत्येक बारीक बीजाभोवती रेशमी केसांचा झुबका असतो. पाऊस संपतो, पाणी उतरते, ओली वाळू उघडी पडते, आणि नेमक्या त्याच सुमारास ही बीजे वाऱ्यावर निघतात. एकदा रुजल्यावर कांस जमिनीखालून आडवे खोड पसरवत जाते व मोकळी वाळू जखडून टाकते. पुढच्या पुराने त्यावर गाळाचा थर टाकला तर गाडल्या गेलेल्या पेऱ्यांना नवी मुळे फुटतात. वृक्षाचे रोप अशा वेळी गुदमरून मरते. गवताचे वाढीचे टोक बुडाशी असल्यामुळे पूर, वणवा आणि गुरांचे दात या तिन्हींतून ते पुन्हा उगवते. खादरात अरण्य का नाही आणि गवत का आहे, याचे उत्तर मुख्यतः येथेच आहे.

शेतकऱ्याचे कांसाशी वैर जुने आहे. शेतात शिरलेले कांस उपटून निघत नाही. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातील कांसाने व्यापलेल्या जमिनी खोल नांगरण्यासाठी केंद्र सरकारला ट्रॅक्टरांची एक स्वतंत्र संघटनाच चालवावी लागली. तथापि याच तणाचे भारतीय शेतीवर एक मोठे ऋण आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर भारतातील ऊस बारीक व कमी रसाचा होता, तर दक्षिणेकडील जाड ऊस उत्तरेच्या थंडीत टिकत नसे. कोइमतूर येथील ऊस पैदास केंद्रात बार्बर व टी. एस. वेंकटरामन यांनी १९१२ साली जाड उसाचा कांसाशी संकर घडवून आणला. त्यातून निर्माण झालेली ‘को २०५’ ही जात १९१८ साली पंजाबातील शेतकऱ्यांना देण्यात आली. गोडवा उसाकडून आणि काटकपणा, रोगप्रतिकार व खोडव्याची जोमदार फूट कांसाकडून, असा हा संयोग होता. पुढे जानकी अम्माळ यांनी याच केंद्रात उसाच्या व त्याच्या रानटी आप्तांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. आज जगात लावल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व उसाच्या जातींत कांसाचा अंश आहे. महाराष्ट्रात मोठ्या क्षेत्रावर लावला जाणारा ‘को ८६०३२’ हा ऊसही त्याला अपवाद नाही. अशा रानटी आप्तांचे जिवंत भांडार नद्यांच्या काठीच टिकून राहते. ते एकदा नाहीसे झाले की बियाण्याच्या पेढीतील मोजके नमुने त्याची जागा भरून काढू शकत नाहीत, कारण पेढीत निसर्गाची निवड थांबलेली असते.

कांसाहून उंच, दोन पुरुष वाढणारे मुंज नावाचे गवत किंचित वरच्या, लवकर कोरड्या होणाऱ्या जमिनीवर दाट ठोंब करून राहते. मराठीत उपनयन संस्कारालाच ‘मुंज’ हे नाव मिळाले ते बटूच्या कमरेला बांधल्या जाणाऱ्या मौंजी मेखलेवरून. पण महाराष्ट्रात या शब्दाशी परिचित असलेल्या कित्येकांनी प्रत्यक्ष गवत पाहिलेले नसते. उत्तरेत त्याच्या पात्यांच्या आवरणापासून दोर वळतात, दांड्यांपासून, म्हणजे सरकांड्यांपासून, बसण्याचे मुढे, पडदे व छपरे तयार करतात. ओलसर खोलगट जागी वाळा येतो, कोरड्या चिकण जमिनीवर दर्भ पसरतो, आणि पाण्याच्या अगदी कडेला नळ व पाणकणीस यांची दाट वने असतात. त्यांच्या अधूनमधून झाऊची फिकट हिरवी, पिसांसारख्या पानांची झुडपे दिसतात. नदीकाठ सोडून हे झाड फारसे कोठे जात नाही.

गवताची ही विभागणी पक्ष्यांनी जशीच्या तशी स्वीकारलेली आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण सातभाईंचे. दिल्लीच्या बागांतून व रस्त्याकडेच्या झाडांखाली जो कलकलाट करणारा थवा दिसतो तो जंगली सातभाईंचा. अरवलीच्या खुरट्या, काटेरी, कोरड्या झुडपांत त्याची जागा साधा सातभाई घेतो. नदीकडे उतरू लागले आणि पाणकणसांची पहिली रांग लागली की तेथे तिसराच भाऊबंद भेटतो. हा रेघी सातभाई. पाठीवर व गळ्याशी रेघा असलेला, नळांच्या दांड्यांवर आडवा चढणारा. सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या पूरमैदानांतील उंच गवत एवढेच त्याचे जग. साधा सातभाई आणि रेघी सातभाई यांच्या वस्त्यांमध्ये काही ठिकाणी फार थोडे अंतर असते, पण जमिनीची उंची व ओल बदललेली असते. नळांची बेटे कापली गेली तर रेघी सातभाई शेजारच्या बागेत जाऊन राहत नाही; तो तेथून नाहीसाच होतो.

सुगरणीचे घरटे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. पण विहिरीवर लोंबणाऱ्या बाभळीच्या फांदीला टांगलेले जे घरटे परिचित आहे ते सुगरण पक्ष्यांच्या एका जातीचे. खादरात तिच्या दोन बहिणी राहतात, रेघी सुगरण आणि काळ्या छातीची सुगरण, आणि या दोघी पाण्यातील वा पाण्याकाठच्या उंच गवतातच घरटी विणतात. काळ्या छातीच्या सुगरणीचा नर अर्धे विणलेले घरटे ओल्या मातीने वा शेणाने लिंपतो आणि त्या लेपात रंगीत फुलांच्या पाकळ्या चिकटवतो. मादी येऊन ते न्याहाळते; पसंत पडले तरच घरटे पुरे होते. ही सर्व लगबग पावसाळ्यात, म्हणजे भर पुराच्या दिवसांत चालते. हे प्रथमदर्शनी अविचाराचे वाटेल. परंतु गवताच्या बुडाशी पाणी असले म्हणजे मुंगूस, मांजर, कुत्रा यांना घरट्यापर्यंत पोचणे कठीण जाते. शिवाय याच काळात गवताचे कोवळे दाणे व कीटक मुबलक असतात. पाणी फार चढले तर घरटी बुडतात, अजिबात आले नाही तर ती लुटली जातात. या दोन संकटांच्या मधली अरुंद वाट या पक्ष्यांनी पकडलेली आहे.

लाल मुनिया तर पावसाळ्यापूर्वी ओळखूही येत नाही. एरवी नर मळकट तपकिरी असतो. पावसाबरोबर त्याचे अंग कुंकवासारखे लाल होते आणि त्यावर पांढरे ठिपके उमटतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘अमंडवा’ हा शब्द अहमदाबादचा अपभ्रंश आहे, कारण युरोपात हे पक्षी पिंजऱ्यातून गेले ते त्या शहराच्या व्यापारातून. एखाद्या पक्ष्याचे नाव त्याच्या रानावरून न पडता बाजारावरून पडावे ही गोष्ट त्याच्या नशिबाविषयी बरेच काही सांगून जाते. मुनियांचे थवे गवताच्या दाण्यांवर जगतात आणि जमिनीलगत गवतातच गोल घरटे करतात. त्यांची वीण पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढेही लांबते.

पूर ओसरला म्हणजे खोलगट भागांत डबकी उरतात. नगरपालिकेच्या दृष्टीने ती डासांची उत्पत्तिस्थाने. पण त्यांचे महत्त्व त्याहून पुष्कळ अधिक आहे. रोहू व कटला यांसारखे मासे मुख्य धारेत अंडी घालत नाहीत. पूर चढू लागताच ते पसरलेल्या उथळ, कोमट पाण्याकडे निघतात. तेथे बुडालेल्या गवताच्या आश्रयाने पिल्ले वाढतात आणि पाणी उतरताना नदीत परततात. बांधामुळे नदीचा आणि या उथळ पाण्याचा संबंध तुटला म्हणजे माशांच्या दृष्टीने नदीचे पाळणाघरच बंद पडते. जी डबकी नदीपासून तुटतात त्यांत प्राणवायू कमी होत जातो. मग तेथे मरळ, मागूर, शिंगी असे हवेतूनही श्वास घेऊ शकणारे मासे तगून राहतात. याहूनही लहान, केवळ पावसापुरत्या साचलेल्या पाण्यात मासे नसतात, आणि नेमके हेच काही जीवांच्या पथ्यावर पडते. पहिल्या सरींबरोबर पिवळ्याजर्द रंगाचे बैलबेडूक अशा पाण्यात डरावू लागतात. मॉन्सूनच्या ढगांबरोबर येणारा पँटाला फ्लॅव्हेसेन्स नावाचा सोनेरी चतुर याच डबक्यांत अंडी घालतो. त्याच्या अळ्या सुमारे दीड महिन्यात, डबके आटण्यापूर्वी, वाढ पुरी करतात. मॉन्सून परतल्यावर हे चतुर हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे मालदीव बेटांवरील निरीक्षणांच्या आधारे २००९ साली मांडण्यात आले. दीड महिन्याच्या डबक्याचा धागा अशा रीतीने दुसऱ्या खंडापर्यंत पोचतो.

वाळूवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांचे वेळापत्रक याच्या अगदी उलट असते. नदी टिटवी, छोटा कंठेरी चिखल्या, सुरय यांना पाणी सर्वांत कमी असतानाचे, म्हणजे उन्हाळ्याचे दिवस हवे असतात. घरटे म्हणजे केवळ वाळूतील खळगा. भर दुपारी पक्षी अंडी उबवत नसतो, तर त्यांवर सावली धरून उभा असतो. मधूनच तो पाण्यावर जातो, पोटाची पिसे भिजवतो आणि ओल्या पिसांनी अंडी गार करतो. वाळूच्या बेटाला काठापासून वेगळे ठेवणारा पाण्याचा पट्टा आटला की कुत्री थेट घरट्यांपर्यंत येतात. दिल्लीखालच्या यमुनेत असे सुरक्षित बेट आता विरळाच.

नदीने कापलेल्या उभ्या दरडीचीही एक वस्ती असते. तेथे वेडे राघू, खंड्या व पाकोळ्या बिळे करतात आणि त्यांच्या शेजारी हिंदीत जिला दरिया मैना म्हणतात ती मैना वसाहत करून राहते. या मैनेने शहराशी मोठ्या चातुर्याने जुळवून घेतले आहे. पुलांच्या व काठच्या भिंतींतून पाणी झिरपण्यासाठी ठेवलेली भोके तिने दरडीतील बिळांप्रमाणेच वापरावयास घेतली. अशी लवचीकता थोड्यांनाच लाभते.

हिवाळ्यात खादराचे चित्र पालटते. आटत जाणाऱ्या पाण्याच्या कडेने धोबी पक्षी धावू लागतात, कांसाच्या वाळक्या दांड्यांवर गप्पीदास बसतो, नळांच्या बुडाशी निळकंठी चिखल चाळते आणि वरून दलदली भोवत्या संथपणे घिरट्या घालतो. तलवार बदके, थापटे, लालसरी, चक्रवाक असे हिमालयापलीकडचे पाहुणे मोठ्या पाण्यावर उतरतात. घाटांवर कुरवांचे थवे नाविकांच्या हातून शेव टिपताना दिसतात. छायाचित्रांत हे दृश्य मनोहर असते, पक्ष्यांच्या आरोग्यास ते कितपत मानवते हा प्रश्न वेगळा. यांपैकी पुष्कळ पक्षी ओखला धरणाच्या मागे साठलेल्या पाण्यावर जमतात. हा तलाव माणसाने केलेला आहे. १९९० साली त्यास पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले आणि सुमारे चार चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रातून तीनशेहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. वजिराबाद ते ओखला हा यमुनेचा सुमारे २२ किलोमीटरांचा भाग तिच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे, परंतु नदीत पडणाऱ्या घाणीपैकी फार मोठा वाटा येथेच पडतो. वजिराबाद येथे शहरासाठी पाणी उचलले जाते आणि तेथून थोड्याच अंतरावर नजफगडचा नाला नदीस मिळतो. कोरड्या महिन्यांत पुढे जे वाहते ते बहुतांशी सांडपाणीच असते. मैल्याने पोसलेल्या चिखलात काही जातींचे किडे अमाप होतात आणि ते खाणारे पक्षीही गर्दी करतात. पक्ष्यांची संख्या पाहून नदी निरोगी आहे असा निष्कर्ष काढणारा मनुष्य फसतो. स्वच्छ पाण्यात बुडी मारून मासा पकडणारे पक्षी किती आहेत, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते.

मोठे सस्तन प्राणी येथून बहुतेक गेले. खादराच्या गवतात एकेकाळी पाडा नावाचे आखूड पायांचे हरिण राही, वाळूवर सुसरी ऊन खात. आज दिल्लीच्या हद्दीत दोन्ही नाहीत. नीलगाय, कोल्हे, रानमांजर, मुंगूस, साळिंदर हे मात्र टिकून आहेत. २०१६ च्या हिवाळ्यात वजिराबादजवळ एक बिबट्या काही आठवडे राहिला. नदीकाठच्या गवताचा आडोसा धरून तो उत्तरेकडून आला असावा असा कयास करण्यात आला. शेवटी त्यास पकडून शिवालिकच्या जंगलात सोडण्यात आले. एक कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात बिबट्या कोणाच्या फारसे लक्षात न येता प्रवेश करू शकतो, यावरून नदीकाठचा पट्टा अजून पूर्णपणे तुटलेला नाही एवढे दिसून आले.

तो तुटत मात्र आला आहे. १६४८ साली लाल किल्ला पूर्ण झाला तेव्हा यमुना त्याच्या पूर्वेकडील तटाखालून वाहत होती. पुढे प्रवाह पूर्वेकडे सरकला आणि मोकळ्या झालेल्या पात्रात प्रथम मळे, नंतर रस्ते, समाधिस्थळे व वीजकेंद्रे आली. ६ सप्टेंबर १९७८ रोजी जुन्या लोखंडी पुलापाशी पाण्याची पातळी २०७.४९ मीटरपर्यंत चढली. तेथील धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. या पुरानंतर बांध अधिक मजबूत करण्यात आले, आणि बांधामुळे सुरक्षित वाटू लागलेल्या जमिनीवर बांधकाम वाढले. नव्या शतकात तर बांधाच्या नदीकडील बाजूसही मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. १३ जानेवारी २०१५ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेवढी जमीन व्यापतो तेवढी पूरमैदान मानून तीवर बांधकामास मनाई केली. पुढे १३ जुलै २०२३ रोजी जुन्या पुलापाशी पाणी २०८.६६ मीटरवर पोचले. १९७८ चा उच्चांक मोडला. पाणी लाल किल्ल्याच्या तटाला लागले, म्हणजे सतराव्या शतकात जेथे होते तेथेच.

या पुरात खादरातील झोपड्यांतून राहणाऱ्या हजारो लोकांना घरे सोडून रस्त्याकडेला आश्रय घ्यावा लागला. त्यांतील कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे भाजीपाला पिकवतात आणि उन्हाळ्यात वाळूत चर खणून काकडी, खरबूज व टरबुजाचे वेल लावतात. महाराष्ट्रात नदीपात्रात घातल्या जाणाऱ्या टरबुजाच्या वाड्यांशी या पद्धतीचे जवळचे साम्य आहे. पाणी उतरताच वाळू वापरावयाची आणि पाणी येण्यापूर्वी ती सोडून द्यावयाची, ही रीत खादराच्या स्वभावाला धरून आहे. सांडपाण्यावर बारमाही भाजी घेणे आणि त्यासाठी गवताची बेटे पेटवून देणे ही गोष्ट निराळी. त्यात ना खाणाऱ्याचे हित आहे ना जमिनीचे.

वाळूच्या या जाड थरांचे शहराला आणखी एक देणे आहे. पूर पसरला की पाणी वाळूत मुरते आणि पुढचे वर्षभर भूमिगत साठा म्हणून राहते. पल्ला परिसरातील विहिरींतून दिल्ली हे पाणी घेते. पुराला पसरू न देणे म्हणजे हा साठा भरण्यास नकार देणे होय. एका ऋतूत पुराने घाबरलेले आणि दुसऱ्या ऋतूत पाण्यासाठी रांग लावणारे शहर एकच असते, हे येथे विसरले जाते.

अलीकडे खादराकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे, परंतु सुधारणेचे सर्वच प्रकार सारखे नाहीत. हिरवळ अंथरणे, फुलझाडांचे ताटवे लावणे, दगडी पायवाटा बांधणे यांमुळे नदीकाठ देखणा होतो. पण कातरलेल्या हिरवळीत सुगरण, मुनिया किंवा रेघी सातभाई यांना काहीच उरत नाही. झाडे लावणे हेदेखील प्रत्येक ठिकाणी पुण्यकर्म असतेच असे नाही. उंच गाळावर बाभूळ वा शिसू शोभून दिसतात, गवताच्या मध्यभागी लावलेली रांग मात्र गवताला सावलीने मारते आणि घरट्यांवर टपलेल्या कावळ्यांना टेहळणीचे मनोरे पुरवते. याउलट २००२ पासून वजिराबादजवळ यमुना जैवविविधता उद्यानात झालेले काम वेगळ्या प्रकारचे आहे. दिल्ली विकास प्राधिकरण व दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ यांनी तेथे पडीक, खारवट जमिनीवर प्रथम पाण्याच्या जागा घडवल्या, त्यांची खोली मुद्दाम कमी-अधिक ठेवली आणि तळ्याभोवती स्थानिक गवते व वनस्पती आणून लावल्या. काही हिवाळ्यांतच मोठ्या लालसरीचे थवे तेथे उतरू लागले. कामाचा क्रम येथे महत्त्वाचा होता: आधी पाणी, मग गवत, आणि झाडे त्यानंतर, उंचवट्यावर.

गवत राखावयाचे म्हणजे ते कधीच कापावयाचे नाही असे नव्हे. वर्षानुवर्षे न कापलेले वाळके गवत एखाद्या ठिणगीने एकाच दिवशी सगळे जळून जाते. प्रश्न वेळेचा व प्रमाणाचा आहे. सुगरणींची घरटी ऑक्टोबरपर्यंत रिकामी होतात, मुनियांची पिल्ले त्यानंतरही काही काळ गवतात असतात, आणि निळकंठी व गप्पीदास यांना वसंतापर्यंत आडोसा लागतो. म्हणून एका हिवाळ्यात एक पट्टा कापून शेजारचा तसाच ठेवणे व पुढल्या वर्षी तो कापणे सोयीचे ठरते. मुंज तोडणाऱ्या कारागिरांची रीत याहून फारशी निराळी नसते. तुरा झडून सरकांड्याचा दांडा पिवळा व टणक झाल्याखेरीज तो मुढ्याच्या उपयोगाचा नसतो. त्यामुळे कोयता थंडीतच चालतो, आणि बुडाचा ठोंब पुढच्या पावसासाठी जमिनीत तसाच राहतो.